गोकाकात निरक्षर

सकाळी नऊला गोकाकच्या स्टँडवर उतरले
आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा
मला कुठेही चूक दिसली नाही.

पाट्या होत्या, भरपूर होत्या.
औषधाचं दुकान, वकिलाचं घर,
कुणाच्या तरी वाढदिवसाचा दहा फुटी फलक,
त्यावर पंचवीस गॉगलवाले.
सगळं कन्नडात.
आपली अक्षरं एका दोरीला वाळत घातलेली;
इथली कुणीतरी उतरवून घेतलेली,
एकेकाच्या डोक्यावर तुरा खोचून
मोकळी सोडलेली.
ऱ्हस्व की दीर्घ, मला काय कळणार!
कोल्हापुरात छापखान्याच्या खिडकीशी बसून
प्रुफं तपासताना पडलेली
भुवयांमधली आठी
दुसऱ्या चहाला सैल झाली.

कर्दंट घेतला, पाव किलो.
डिंक दाढेला चिकटला तो सोडेचना.
तशाच भरल्या तोंडाने एका भाजीवालीला विचारलं,
लाकडी खेळणी कुठे?
तिने मेथीच्या जुडीनेच दिशा दाखवली,
"हिंग होग्री."
हिंग म्हणजे असं, हे मला जुडीवरून कळलं.

अडिवेप्पा चित्रगार उंबऱ्यातच बसले होते,
मांडीवर सीताफळ, पायाशी पेरू,
सुपात काकड्या.
आत त्यांची सून शिवलीला
बिनरंगी आंब्यांना पांढरा हात देत होती,
घरभर चिंचोक्याच्या खळीचा वास.
मी घड्याळ पाहिलं. उगाच.
"बसा की हो बाई, घाई काय हाय?
आमची फळं नासत न्हाईत."

मग बसले.
किती वेळ, ते सांगता येणार नाही.
लाकडाचा ठोकळा तासताना
त्यांचा अंगठा आधी पुढे जायचा,
पटाशी मागून.
मध्येच शेजारचा कुणी येऊन कन्नडात भांडून गेला,
मध्येच शिवलीलेने ताटलीत पोहे आणले.
मी काही विचारलं नाही, त्यांनी काही समजावलं नाही.

दुपार कलली तसं
एका पिवळ्याधमक केळ्यावर
त्यांनी बारीक ब्रशने तपकिरी ठिपका ठेवला.
मी दचकलेच.
"हे काय?"
"डाग."
"मुद्दाम?"
"न्हाई टाकला तर गिऱ्हाईक म्हणतंय, प्लास्टिक हाय."
आणि ब्रश माझ्यापुढे धरला.
"एक टाका तुमी."

ठिपके मला माहीत आहेत.
आयुष्य गेलं आगाऊ अनुस्वार वेचण्यात,
नाही त्या अक्षरावर बसलेला
एकेक ठिपका लाल शाईने उडवण्यात.
टाकायचा कसा, ते मात्र
कुणी कधी सांगितलं नव्हतं.
हात थरथरला. ठिपका पसरला, चांगला रुपयाएवढा.
अडिवेप्पांनी केळं उजेडात धरून
एका डोळ्याने नीट पाहिलं.
"हे जास्तच पिकलं की वो!
उद्यापर्यंत काय टिकत न्हाई.
दहा रुपये कमी द्या."
आतून शिवलीलेचं हसू ऐकू आलं.

तेच घेतलं. रंग सुकायला
कागदात न गुंडाळता हातातच धरलं
आणि तशीच बसमध्ये चढले.
संकेश्वरच्या आसपास
शेजारणीच्या मांडीवरचं पोर "हण्ण, हण्ण" करत झेपावलं.
दिलं त्याला. त्याने कचकन चावा घेतला,
मग केळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आयुष्यात पहिल्यांदाच फसवल्यासारखं,
आणि केळं परत केलं.
मी ते पर्समध्ये टाकलं.

निपाणीत बस थांबली.
दिवे लागले होते. खिडकीसमोर खाणावळीची पाटी,
वर दोरी, दोरीला ओळखीची अक्षरं:
शुध्द शाकाहारी.
धला द जोडलाय.
आठी आली जागेवर. हात पर्सकडे गेलाच,
काय करणार होते देव जाणे, बसमधून.
आत पेनाच्या आधी केळं हाताला लागलं;
माझा डाग अजून ओलसर,
त्याच्या शेजारी दोन बारीक दात.